संरचित लॉगिंग : नोंदींना संदर्भाची जोड

पुण्याहून कोल्हापूरला जाणाऱ्या बसचे तिकीट संकेतस्थळावर काढावे, बँकेच्या खात्यातून पैसे वळते व्हावेत आणि तिकीट मात्र हाती पडू नये, असा प्रसंग आता कोणाला अपूर्वाईचा राहिलेला नाही. ग्राहक सेवा केंद्राकडे तक्रार केली की पलीकडून पहिला प्रश्न येतो तो व्यवहार क्रमांकाचा. क्रमांक सांगितल्यावर काही ठिकाणी दहा मिनिटांत उलगडा होतो, तर काही ठिकाणी कामकाजाचे सात दिवस थांबण्याची सूचना मिळते. या दोन उत्तरांमधील अंतर पुष्कळदा कर्मचाऱ्याच्या सौजन्यावर अवलंबून नसते. संकेतस्थळामागील प्रणालीने आपल्या कामाच्या नोंदी कशा ठेवल्या आहेत, यावर ते ठरते. संगणकाच्या परिभाषेत या नोंदींना ‘लॉग’ आणि त्या ठेवण्याच्या क्रियेला ‘लॉगिंग’ म्हणतात. नोंदी ठरावीक रकान्यांत ठेवणे आणि ती नोंद कोणत्या कामाच्या ओघात, कोणासाठी व कोठे झाली हा संदर्भ प्रत्येक नोंदीला जोडणे, या पद्धतीला संरचित लॉगिंग असे नाव आहे.

‘लॉग’ हा शब्द मूळचा दर्यावर्दी लोकांचा. लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका. शिडाच्या जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोराला बांधलेला लाकडी तुकडा पाण्यात टाकीत, ठरावीक वेळात दोरावरील किती गाठी हातातून सुटल्या हे मोजीत आणि तो आकडा वहीत लिहून ठेवीत. जहाजाचा वेग आजही ‘नॉट’मध्ये, म्हणजे गाठींत, सांगतात तो त्यामुळेच. त्या वहीला लॉगबुक हे नाव पडले. वेळ, वेग, दिशा, वारा असे तिचे रकाने आखलेले असत. संगणकाने शब्द उचलला. रकाने मात्र बराच काळ उचलले नाहीत.

आपल्याकडे तर अशा नोंदींची परंपरा जुनी आहे. दुकानदाराच्या रोजकीर्दीत दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमाने उतरवले जातात आणि प्रत्येक नोंदीसमोर खाते पान लिहिलेले असते, म्हणजे ती रक्कम खतावणीत कोठे गेली याचा माग लागतो. सातबाराचा उतारा पाहिलेल्यांना याहून चांगले उदाहरण ठाऊक असेल. खातेदाराच्या नावाजवळ एक आकडा असतो, तो फेरफार क्रमांक. तो घेऊन गाव नमुना सहाची वही उघडली की नाव खरेदीने लागले, वारसाने लागले की वाटपाने, हे कळते. एका क्रमांकाच्या आधाराने निरनिराळ्या वह्यांतील नोंदी एकत्र आणणे, हीच संरचित लॉगिंगची मध्यवर्ती कल्पना होय. तलाठी दप्तराला ती संगणकापूर्वी कितीतरी आधी अवगत होती, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

ओळींची गर्दी

प्रोग्रॅम लिहिणारा अभियंता काम करता करता जागोजागी एखादे वाक्य छापण्याची आज्ञा पेरून ठेवतो. ‘मागणी स्वीकारली’, ‘पैसे वळते झाले’, ‘तिकीट तयार केले’ अशी ती वाक्ये असतात. त्याच्या स्वतःच्या यंत्रावर एकच ग्राहक असतो, तो म्हणजे तो स्वतः. त्यामुळे वाक्ये क्रमाने येतात व अर्थ लागतो. तोच प्रोग्रॅम दिवाळीच्या आदल्या आठवड्यात शेकडो ग्राहकांना एकाच वेळी तोंड देऊ लागला की नोंदवहीचे चित्र असे दिसते :

१०:४२:०७ मागणी स्वीकारली
१०:४२:०७ मागणी स्वीकारली
१०:४२:०८ पैसे वळते झाले
१०:४२:०८ बँकेकडून प्रतिसाद नाही
१०:४२:०८ तिकीट तयार केले

यात खोटे काहीच नाही. पण पैसे कोणाचे गेले आणि तिकीट कोणाचे तयार झाले, हे सांगण्याची सोय नाही. वेब अॅप्लिकेशनमध्ये असंख्य कामे एकमेकांत गुंफलेली चालतात आणि त्यांच्या नोंदीही तशाच गुंफून पडतात. यावरचा पहिला, सहज सुचणारा उपाय म्हणजे वाक्यातच तपशील घालणे : ‘ग्राहक ४५१७ यांचे ६२० रुपये वळते झाले’. काही दिवस हे चालते. मग दुसरा अभियंता ‘खाते ४५१७’ लिहितो, तिसरा ‘वापरकर्ता क्र. ४५१७’ लिहितो, चौथा रकमेमागे स्वल्पविराम घालतो. वाचणाऱ्या माणसाचे यात फारसे बिघडत नाही. शोधणाऱ्या यंत्राचे सारे बिघडते. वाक्यातून आकडे वेचून काढण्यासाठी लिहिलेले नमुने एका शब्दाच्या फरकाने निकामी होतात, आणि ते निकामी झाले हे नेमके अडचणीच्या रात्री उघड होते.

आखीव नोंदीचे प्रयत्न पूर्वी झालेच नाहीत असे नव्हे. एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत सेंडमेल या टपाल प्रणालीसाठी ‘सिसलॉग’ तयार केले. त्यात नोंदीच्या गांभीर्याला ० ते ७ अशा आठ पायऱ्या होत्या. शून्य म्हणजे सर्वांत गंभीर. नोंदीचा उरलेला भाग मात्र मोकळा मजकूरच होता. वेब सर्व्हरच्या नोंदींसाठी नव्वदच्या दशकात रूढ झालेल्या ‘कॉमन लॉग फॉरमॅट’मध्ये सात रकाने होते आणि माहिती नसेल तेथे आडवी रेघ असे. दुकानात कोण आले, काय मागितले आणि मिळाले की नाही, एवढे त्यातून कळे. गल्ल्यामागे काय झाले ते कळत नसे. सिसलॉगच्या २००९ मधील नव्या प्रमाणात, म्हणजे आरएफसी ५४२४ मध्ये, नाव-मूल्य जोड्यांसाठी प्रथमच अधिकृत जागा ठेवण्यात आली. तोवर वेबच्या जगाने वेगळी वाट धरली होती. डग्लस क्रॉकफर्ड यांनी पुढे आणलेली ‘जेसन’ ही सुटसुटीत मांडणी २००६ मध्ये आरएफसी ४६२७ म्हणून प्रसिद्ध झाली आणि पुढे नोंदींसाठीही तीच सर्वत्र पसरली. एक ओळ म्हणजे एक नोंद, आणि तिच्यात नावासह प्रत्येक मूल्य.

वरच्या पाचपैकी चौथी ओळ संरचित रूपात काहीशी अशी दिसेल (प्रत्यक्षात रकान्यांची नावे इंग्रजीत असतात) :

वेळ: २०२६-०२-११ १०:४२:०८.३१७ +०५:३०, पातळी: त्रुटी, घटना: बँक_प्रतिसाद_नाही, विनंती: ७क९ड२, ग्राहक: ४५१७, रक्कम: ६२०, प्रतीक्षा_मिलिसेकंद: ३०००, आवृत्ती: ५.१२, सर्व्हर: ३

येथे दोन गोष्टी घडल्या आहेत आणि त्यांत गल्लत करू नये. पहिली, घटनेचे नाव स्थिर झाले व बदलती मूल्ये त्यापासून वेगळी झाली. ‘बँक_प्रतिसाद_नाही’ ही घटना कालच्या तुलनेत आज किती वेळा घडली, सरासरी प्रतीक्षा किती होती, सगळ्या तक्रारी एकाच सर्व्हरच्या आहेत काय, हे प्रश्न आता मोजणीचे झाले. दुसरी अधिक महत्त्वाची. विनंती, ग्राहक, आवृत्ती व सर्व्हर हे चार रकाने त्या घटनेचे नव्हेत. ती ज्या प्रसंगात घडली त्याचे आहेत. त्यांनाच संदर्भ-माहिती म्हणतात. पुष्कळ संस्था पहिली गोष्ट करून थांबतात. मोकळे वाक्य उचलून जेसनच्या कंसात बसवले की संरचित लॉगिंग झाले, असा समज आहे. ते जुन्या पत्राला नवे पाकीट घालण्यासारखे आहे.

संदर्भ कोण लिहितो?

प्रत्येक नोंदीत चार-सहा रकाने हाताने भरण्याची अपेक्षा अभियंत्याकडून ठेवणे व्यर्थ आहे. तो घाईत असतो आणि विसरतो. शिवाय रक्कम मोजणाऱ्या लहानशा फंक्शनला ग्राहक कोण हे ठाऊकही नसते, आणि नसावेच. म्हणून संदर्भ एकदाच, दारावर, लिहावा लागतो. ग्राहकाची विनंती अॅप्लिकेशनच्या उंबरठ्यावर येताच तिला एक अनन्य क्रमांक द्यायचा, तो व ओळख पटल्यावर ग्राहक क्रमांक एका अदृश्य फळीवर ठेवून द्यायचा आणि त्या विनंतीच्या आयुष्यात होणाऱ्या प्रत्येक नोंदीवर लॉगिंग प्रणालीने तो आपोआप उमटवायचा. रुग्णालयात दाखल होताना मनगटावर बांधतात त्या पट्टीसारखी ही व्यवस्था आहे. क्ष-किरण विभाग आणि प्रयोगशाळा नाव विचारीत बसत नाहीत, पट्टी वाचतात.

ही कल्पना नील हॅरिसन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखात मांडली. जावा भाषेतील ‘लॉगफोरजे’ या ग्रंथालयाने तिला ‘मॅप्ड डायग्नोस्टिक कॉन्टेक्स्ट’ या नावाने व्यवहारात आणले. त्या काळी एक विनंती म्हणजे एक ‘थ्रेड’, असा सरळ हिशेब होता; म्हणून ही अदृश्य फळी थ्रेडला जोडलेली असे. पुढे एकच थ्रेड आळीपाळीने अनेक विनंत्या हाताळू लागला आणि फळी कामासोबत हलवण्याची गरज निर्माण झाली. पायथॉनच्या ३.७ या आवृत्तीत २०१८ मध्ये आणि नोडजेएसमध्ये २०२० मध्ये त्यासाठी भाषेच्या पातळीवरच सोय आली. ‘गो’ भाषेने संरचित लॉगिंग आपल्या प्रमाण ग्रंथालयात ऑगस्ट २०२३ मध्ये घेतले.

या व्यवस्थेतला एक धोका फारसा बोलला जात नाही. विनंती संपल्यावर फळी पुसावी लागते. थ्रेड पुन्हा वापरले जात असल्याने पुसायचे राहिले, तर मागच्या ग्राहकाचा क्रमांक पुढच्या ग्राहकाच्या कामावर उमटत राहतो. संदर्भ नसलेली नोंद निरुपयोगी असते. चुकीचा संदर्भ असलेली नोंद आत्मविश्वासाने खोटे सांगते. प्रस्तुत लेखकाच्या मते या दोहोंपैकी दुसरी अधिक वाईट, कारण ती पाहून शोधणारा थांबतो. त्याला उत्तर मिळालेले असते.

नोंदीवर कोणाचे नाव आहे, हा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो हे ब्रिटनने पाहिले. तेथील टपाल खात्याने १९९९ पासून ‘होरायझन’ ही संगणकप्रणाली शाखांमध्ये आणली. शाखा चालवणाऱ्या उपपोस्टमास्तरांच्या हिशेबात तूट दिसू लागली आणि संगणक खोटे बोलत नाही, या गृहीतकावर त्यांच्यावर खटले भरले गेले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जण चोरी, अफरातफर किंवा खोटे हिशेब यांसाठी दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, अनेकांची घरे गेली. डिसेंबर २०१९ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले. त्या निकालातील एक निष्कर्ष आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. प्रणाली सांभाळणाऱ्या फुजित्सू कंपनीचे कर्मचारी दुरून शाखेच्या हिशेबात व्यवहार घालू शकत होते आणि जुन्या होरायझनमध्ये असा व्यवहार उपपोस्टमास्तरानेच केल्यासारखा दिसू शकत होता. असे काही शक्यच नाही, असे टपाल खाते अनेक वर्षे सांगत आले होते. शेवटी मे २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेने स्वतंत्र कायदा करून त्या शिक्षा सरसकट रद्द केल्या. ‘कोणी केले’ आणि ‘कोणाच्या वतीने केले’ हे दोन वेगळे रकाने आहेत. देखभाल करणारा माणूस ग्राहकाच्या खात्यात शिरत असेल तर दोन्ही भरलेच पाहिजेत, हा आग्रह म्हणजे तांत्रिक काटेकोरपणाचा अतिरेक नव्हे.

एका विनंतीचा अनेक घरांतून प्रवास

तिकिटाची विनंती आज एकाच प्रोग्रॅममध्ये राहत नाही. आसने राखणारी सेवा वेगळी, पैसे घेणारी वेगळी, लघुसंदेश पाठवणारी आणखी वेगळी, आणि त्या वेगवेगळ्या शहरांतील यंत्रांवर असू शकतात. दारावर दिलेला क्रमांक या प्रत्येक सेवेने पुढच्या सेवेच्या हाती दिला नाही, तर माग पहिल्याच वळणावर तुटतो. गूगलने आपल्या अंतर्गत ‘डॅपर’ प्रणालीविषयी २०१० मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्यावरून प्रेरणा घेऊन ट्विटरने २०१२ मध्ये ‘झिपकिन’ खुले केले. त्यानंतर जो तो आपापल्या नावाचा क्रमांक पुढे पाठवू लागला आणि एकाचा क्रमांक दुसऱ्याला वाचता येईना. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने फेब्रुवारी २०२० मध्ये ‘ट्रेस कॉन्टेक्स्ट’ ही शिफारस संमत करून हा गोंधळ मिटवला. विनंतीसोबत जाणाऱ्या एका ओळीत संपूर्ण प्रवासाचा ३२ अंकी षोडशमान क्रमांक आणि त्या टप्प्याचा १६ अंकी क्रमांक असतो. प्रत्येक सेवा पहिला जसाच्या तसा पुढे देते आणि दुसरा आपला घालते. २०१९ मध्ये दोन प्रतिस्पर्धी प्रकल्प एकत्र येऊन बनलेल्या ‘ओपनटेलिमेट्री’ने हीच पद्धत अंगीकारली असून, नोंदींच्या रकान्यांची समान नावेही तो ठरवतो.

क्रमांक जुळला तरी क्रम लावायला वेळ लागते, आणि वेळेची कथा मोठी गमतीची आहे. दोन सर्व्हरच्या घड्याळांत अर्ध्या सेकंदाचा फरक असला, तर पैसे वळते होण्याआधीच तिकीट छापले गेल्याचे नोंदी सांगतात. घड्याळे एका प्रमाण स्रोताशी जुळवून घेणे हा त्यावर उपाय. दुसरा घोळ कालविभागाचा. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे घड्याळे तासभर मागे जातात आणि दीड वाजण्याची वेळ एकाच रात्री दोनदा येते. म्हणून नोंद जागतिक प्रमाणवेळेत करावी किंवा स्थानिक वेळेसोबत तिचा फरक लिहावा. वरच्या उदाहरणातील ‘+०५:३०’ तो हा. भारतात घड्याळे मागे-पुढे होत नसल्याने आपल्याकडील अभियंते याबाबत निष्काळजी असतात. मुंबईकरांनी मात्र तसे असू नये. भारतीय प्रमाणवेळ आल्यानंतरही १९५५ च्या सुमारापर्यंत या शहराने ३९ मिनिटे मागे असणारी स्वतःची मुंबई वेळ जपली होती.

नोंदीच्या पातळीबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. तपशील, माहिती, इशारा, त्रुटी अशा पायऱ्या सर्वत्र असतात. त्या कोण वाचणार हे बहुधा कोणी ठरवलेले नसते. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाली संस्थेच्या प्रणालीने बाजार उघडताच चुकीच्या मागण्यांचा मारा केला आणि सुमारे ४५ मिनिटांत संस्थेला ४६ कोटी डॉलरहून अधिक फटका बसला. बाजार उघडण्यापूर्वीच प्रणालीने कर्मचाऱ्यांना ९७ स्वयंचलित ई-पत्रे पाठवली होती व दोषाचे नाव त्यांत होते, असे अमेरिकी भांडवल बाजार नियामकाच्या आदेशात नमूद आहे. ती पत्रे इशारा म्हणून योजलेली नव्हती आणि कोणी ती तशी वाचलीही नाहीत.

काय लिहू नये

संदर्भाची गोडी लागली की सगळेच लिहून ठेवण्याचा मोह होतो. येथे हात आवरावा लागतो. ३ मे २०१८ रोजी, योगायोगाने त्या वर्षीच्या जागतिक पासवर्ड दिनीच, ट्विटरने आपल्या सुमारे ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला. पासवर्डचे न उलगडणाऱ्या संकेतात रूपांतर होण्यापूर्वीच ते एका अंतर्गत नोंदवहीत उघड्या मजकुरात उतरत होते. फेसबुकबाबत २०१९ मध्ये असाच प्रकार उघडकीस आला. त्यापायी आयर्लंडच्या विदा संरक्षण आयोगाने सप्टेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला ९ कोटी १० लाख युरोंचा दंड केला. तिजोरीला सात कुलपे लावायची आणि किल्लीचा ठसा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वहीत काढून ठेवायचा, असा हा प्रकार. मुख्य विदासंचाची राखण कडक असते. नोंदी मात्र अभियंते, ठेकेदार, बाहेरची साठवण सेवा अशा अनेकांच्या नजरेखालून जातात.

संरचित पद्धतीचा येथे एक मोठा लाभ आहे. मोकळ्या वाक्यात दडलेला कार्ड क्रमांक ओळखणे अवघड; पण रकान्याला नाव असेल तर ‘पासवर्ड’, ‘ओटीपी’, ‘आधार’ या नावांचे रकाने लिहिण्यापूर्वीच झाकण्याचा नियम एका जागी करता येतो. याहून बरी रीत म्हणजे परवानगी असलेल्या रकान्यांचीच यादी करणे. झाकायच्या नावांच्या यादीत उद्याचे नवे नाव कधीच नसते.

आणखी एक संकट उलट दिशेने येते. नोंदीत जाणारा मजकूर पुष्कळदा ग्राहकानेच टाइप केलेला असतो. त्याने आपल्या नावात नव्या ओळीचे चिन्ह घालून पुढे ‘पैसे परत केले’ असे लिहिले, तर साध्या नोंदवहीत ती एक स्वतंत्र व खरी वाटणारी ओळ होते. जेसनमध्ये ते चिन्ह मूल्याच्या आत बंदिस्त राहते, त्यामुळे ही फसवणूक सहसा साधत नाही. पण ९ डिसेंबर २०२१ रोजी जगजाहीर झालेल्या ‘लॉगफोरशेल’ने याहून भीषण शक्यता दाखवली. लॉगफोरजेची दुसरी पिढी नोंदीतील विशिष्ट चिन्हांच्या मजकुराला आज्ञा समजून दुसऱ्या सर्व्हरवरून प्रोग्रॅम आणू व चालवू शकत होती. माइनक्राफ्ट या खेळातील गप्पांच्या खिडकीत एक ओळ टाकून सर्व्हर ताब्यात घेता येतो, हे त्या दिवसांत लोकांनी पाहिले. धोक्याच्या दहाच्या मापावर त्या दोषाला पूर्ण दहा गुण मिळाले. घाईने काढलेली पहिली दुरुस्ती अपुरी ठरली. कारण मांडणीत संदर्भाचे रकाने वापरले असतील तर त्या अदृश्य फळीवरून तोच मजकूर पुन्हा आत शिरू शकत होता. ग्राहकाने दिलेला मजकूर संदर्भात ठेवताना तो परकाच समजावा, असे सुरक्षातज्ज्ञ सांगतात ते याच कारणाने.

देवनागरीचा प्रश्न

मराठी वाचकांच्या दृष्टीने एक मुद्दा वेगळा नोंदवण्याजोगा आहे. जेसन लिहिणारी अनेक साधने इंग्रजीबाहेरची अक्षरे मूळ रूपात न ठेवता त्यांचे युनिकोड संकेतांक लिहितात. पायथॉनमध्ये तर मुळात तशीच योजना आहे. ग्राहकाने गावाचे नाव देवनागरीत भरले की नोंदीत आकड्यांची माळ उमटते आणि साध्या शोधात ते गाव सापडत नाही. ती योजना बदलता येते. पण अडचण तेथेच संपत नाही. ‘कऱ्हाड’ हे नाव घ्या. त्यातील ‘ऱ’ हे एकच अक्षर म्हणून साठवता येते, किंवा ‘र’ आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी. शिवाय ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असाही मार्ग आहे. पडद्यावर तिन्ही सारखी दिसतात, यंत्राच्या लेखी तिन्ही निराळी. पहिल्या दोन युनिकोडच्या सामान्यीकरणाने एकरूप होतात, तिसरे होत नाही. तेव्हा नोंदीच्या रकान्यात गावाचे नाव न ठेवता पिनकोड ठेवावा, हे श्रेयस्कर. आपल्या भाषेची संकेतस्थळे करणाऱ्यांनी हे आरंभीच ठरवले तर पुढचा मनस्ताप वाचतो.

साठवण आणि कायदा

रकाने वाढले की खर्च वाढतो. २०१० मध्ये आलेल्या इलॅस्टिकसर्चसारख्या प्रणाली प्रत्येक रकान्याची सूची बनवतात, त्यामुळे शोध वेगवान होतो आणि तबक भरभर भरते. २०१८ मध्ये आलेल्या लोकीने मोजक्याच खुणांची सूची ठेवून बाकी मजकूर स्वस्तात साठवण्याचा मार्ग निवडला. तेथे ग्राहक क्रमांक किंवा विनंती क्रमांक खूण म्हणून वापरणे ही हमखास होणारी चूक आहे. लाखो निरनिराळ्या मूल्यांच्या लाखो बारीक थप्प्या होतात आणि सारी प्रणाली मंदावते. खुणेसाठी सेवेचे नाव, पातळी, शहर अशी मोजकी मूल्ये असणारे रकाने घ्यावेत व क्रमांक नोंदीच्या आत ठेवावा. यशस्वी विनंत्यांपैकी शंभरातील पाचच्या नोंदी ठेवणे आणि त्रुटींच्या सर्व ठेवणे, असाही मध्यम मार्ग अनेक जण काढतात. मात्र पैशाच्या व्यवहारांना तो लावू नये.

किती दिवस ठेवायच्या, हे भारतात आता संस्थेच्या मर्जीवर राहिलेले नाही. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणकप्रणालींच्या नोंदी मागील १८० दिवसांपर्यंतच्या जपून ठेवणे बंधनकारक झाले. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे आणि घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र अथवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळती ठेवणे, या अटीही त्यातच आहेत. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. अनधिकृत प्रवेशाचा छडा लावता यावा म्हणून नोंदी एक वर्ष राखण्याची त्यातील तरतूद अधिसूचनेपासून अठरा महिन्यांनी लागू होणारी आहे. दुसऱ्या बाजूने, आपली माहिती पुसून टाकावी असे सांगण्याचा हक्कही हाच कायदा नागरिकाला देतो. नाव, दूरध्वनी, पत्ता नोंदीनोंदीत विखुरलेले असतील तर कोट्यवधी ओळींतून ते खरवडून काढणे जवळपास अशक्य होते. नोंदीत केवळ ४५१७ हा क्रमांक असेल आणि तो कोणाचा हे एकाच तक्त्यात लिहिलेले असेल, तर त्या तक्त्यातील एक ओळ पुसली की काम भागते. बँकेने १०:४२:०८ वाजता उत्तर दिले नव्हते, हे मात्र नोंदीत शाबूत राहते.